लॅमिंग्टन रोड ते लॅमिंग्टन केक

ब्रिस्बेनला येऊन मला जेमतेम आठवडा झाला होता. प्रयोगशाळेतल्या सगळ्यांना एक ईमेल आली. शुक्रवारी साडेदहा वाजता मॉर्निंग टी, एक सहकारी सोडून चालला आहे, निरोप द्यायला या. शेवटी लिहिलं होतं, 'प्लीज ब्रिंग अ प्लेट'. नव्या घरात माझ्याकडे एकच बशी होती. ती स्वच्छ धुतली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि घेऊन गेले. मनात म्हटलं, एवढं मोठं विद्यापीठ आणि बश्या कमी पडतात यांना!

'बशी आणा' म्हणजे बशीत घालून काहीतरी खायला आणा, हे इथे नवीन आलेल्या प्रत्येकाला असंच एकदा फजिती होऊन कळतं म्हणे. माझी रिकामी बशी पाहून कुणी हसलं नाही. आमच्या वर्कशॉपमध्ये साठीच्या आसपासची एक तंत्रज्ञ बाई आहे. तिने ती बशी माझ्या हातातून घेतली, स्वतःच्या डब्यातले चार चौकोनी केक तिच्यावर मांडले आणि मीच आणल्यासारखी बशी टेबलावर ठेवून दिली. वरून किसलेलं खोबरं, आत चॉकलेटचा पातळ थर आणि त्याच्या आत पिवळसर स्पंज. एक केक म्हणजे एका माणसाचा वाटा.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"लॅमिंग्टन."

मी फस्सकन हसले. आता याचं कारण तिला कसं सांगणार? माझ्यासाठी लॅमिंग्टन ही खायची गोष्टच नव्हती. लॅमिंग्टन म्हणजे कपॅसिटर, सोल्डरची रिळं, ट्रान्झिस्टरच्या पुड्या आणि बाबांच्या हातातली लांबलचक यादी.

डोंबिवलीत बाबांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. महिन्यातून एका शनिवारी ते सुटे भाग आणायला लॅमिंग्टन रोडला जायचे आणि शाळेला सुट्टी असली की मला बरोबर न्यायचे. त्या रस्त्याला डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग हे नाव देऊन जमाना झाला, पण इलेक्ट्रॉनिक्सचा माल घेणाऱ्या कुणाच्याही तोंडात मी ते नाव ऐकलेलं नाही. दादरला गाडी बदलून आम्ही ग्रँट रोडला उतरायचो. दुकानं उघडायला बराच अवकाश असायचा. मग इतक्या लवकर का निघायचं, असं आई दर वेळी विचारायची. "नंतर गर्दी होते," हे बाबांचं ठरलेलं उत्तर.

स्टेशनच्या बाहेरच बी. मेरवान, १९१४ साली सुरू झालेलं इराणी हॉटेल. संगमरवरी टेबलं, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या. तिथला मावा केक सकाळी लवकर गेलं तरच मिळायचा, कारण तो बघता बघता संपायचा. कागदात बसलेला एवढासा केक, वरून तपकिरी, आत मऊ, वेलचीचा वास आणि कागद सोडवताना बोटांना लागणारं तूप. बाबा चहा घ्यायचे आणि यादी पुन्हा तपासायचे. मी केक खायचे. दोघांत बोलणं फारसं व्हायचं नाही. दहानंतर आम्ही लॅमिंग्टन रोडवर जायचो आणि एखादा ईएचटी ट्रान्सफॉर्मर अस्सल आहे की नक्कल, यावर बाबा दुकानदाराशी अर्धा तास हुज्जत घालायचे. आमचं लवकर निघणं गर्दीमुळे नव्हतं, मावा केकमुळे होतं, हे मला फार उशिरा समजलं. पीएचडी झाल्यावर, असं म्हटलं तरी चालेल.

तर असा माझा लॅमिंग्टन. आणि ब्रिस्बेनच्या टेबलावर हा दुसरा. घरी जाऊन शोधाशोध केली, तेव्हा कळलं की दोन्हींच्या मागे एकच माणूस आहे.

चार्ल्स कोक्रेन-बेली, दुसरे बॅरन लॅमिंग्टन. लॅमिंग्टन हे मूळचं स्कॉटलंडमधलं एक खेडं. त्यावरून किताब, आणि किताबावरून पुढचं सगळं. हे साहेब १८९६ ते १९०१ क्वीन्सलँडचे गव्हर्नर होते, म्हणजे मुक्काम ब्रिस्बेन. १९०३ ते १९०७ मुंबईचे गव्हर्नर. मुंबईच्या म्युझियमची, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची, कोनशिला १९०५ साली प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते बसली, तीही यांच्याच कारकिर्दीत. मुंबईत यांच्या नावाने रस्ता झाला. क्वीन्सलँडमध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, आणि केक झाला. पुढे १३ मार्च १९४० रोजी लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये उधमसिंगांनी मायकेल ओडवायरवर गोळ्या झाडल्या, तेव्हा व्यासपीठापाशी जखमी झालेल्यांमध्ये हे लॅमिंग्टनही होते. शाळेत उधमसिंगांचा धडा वाचताना जखमींची नावं कोण लक्षात ठेवतं?

केक कसा जन्मला याच्या कथा मात्र अनेक आहेत. गव्हर्नरसाहेबांकडे अचानक पाहुणे आले, आर्मंड गॅलंड नावाच्या फ्रेंच आचाऱ्याकडे आदल्या दिवशीचा स्पंज उरला होता, त्याने त्याचे तुकडे चॉकलेटमध्ये बुडवून खोबऱ्यात घोळवले, ही त्यातली लोकप्रिय कथा. दुसरीत दासीच्या हातून केक चॉकलेटमध्ये पडतो. केक साहेबांच्या नावाचा की त्यांच्या पत्नीच्या, यावरही वाद आहे. खात्रीने सांगता येतं ते इतकंच की १९०० च्या आसपास ऑस्ट्रेलियातल्या नियतकालिकांत लॅमिंग्टनच्या पाककृती छापून येऊ लागल्या. २०१४ साली तर एका ब्रिटिश दैनिकाने बातमी दिली की हा केक मुळात न्यूझीलंडचा आणि त्याचं खरं नाव 'वेलिंग्टन'. बातमीची तारीख होती १ एप्रिल. तरी ती खरी मानून पुढे सांगणारे लोक निघालेच. संदर्भ न तपासता उद्धृत करण्याची सवय फक्त आमच्या क्षेत्रात नाही, हे पाहून बरं वाटलं.

त्या दिवसापासून मला लहान केकांचा नादच लागला. जगभर असे केक आहेत आणि त्यांत मला सरळ दोन जाती दिसतात. पहिली जात जन्मतःच एकेकट्या केकांची. आपला मावा केक त्यातला. अमेरिकन कपकेकही त्यातलाच. १७९६ साली अमेलिया सिमन्स या बाईंनी 'अमेरिकन कुकरी' या पुस्तकात लहान कपांत भाजायचा हलका केक दिला आहे. इंग्लंडमध्ये तसाच, पण आकाराने थोडा लहान आणि वर कमी नटलेला, तो फेअरी केक. फ्रान्समध्ये शिंपल्याच्या साच्यातली मादलेन. बदामाची पूड, अंड्याचा पांढरा बलक आणि तपकिरी होईपर्यंत कढवलेलं लोणी यांचा फिनान्सिए, आकार अगदी सोन्याच्या विटेसारखा. बोर्दोचा कानले तांब्याच्या पन्हाळी साच्यात भाजतात आणि परंपरेने साच्याला आतून मधमाश्यांचं मेण लावतात. या सगळ्यांना आपापला साचा असतो. चारी बाजूंनी कड असते. भट्टीतून ते पूर्ण होऊनच बाहेर येतात.

दुसरी जात कापलेल्या तुकड्यांची. लॅमिंग्टन त्यातला. आधी एक मोठा स्पंज भाजायचा, मग सुरीने चौकोन पाडायचे. कापलेल्या केकची अडचण अशी की कापलेली बाजू उघडी पडते. तिथून तो वाळतो आणि तिथूनच चुरा होतो. म्हणून त्याला सहाही बाजूंनी चॉकलेट लावतात आणि ते टिकावं, हाताला चिकटू नये, म्हणून वर खोबरं. मग तो तुकडा राहत नाही, एक आख्खा केक होतो.

ही युक्ती एकट्या ऑस्ट्रेलियाची नाही. क्रोएशिया आणि आसपासच्या देशांत अगदी असाच केक करतात. तिथे त्याला 'चुपावत्सी' म्हणतात, म्हणजे झिपरे. हंगेरीत त्याचं नाव 'खोबऱ्याचा ठोकळा' अशा अर्थाचं आहे. दक्षिण आफ्रिकेत आफ्रिकान्स बोलणारे लोक त्याला 'लहानगी साळिंदरं' म्हणतात. अमेरिकेतल्या क्लीव्हलंडच्या ज्यू बेकऱ्यांत तो कोकोनट बार म्हणून मिळतो. न्यूझीलंडमध्ये चॉकलेटऐवजी रास्पबेरीचा गुलाबी थरही देतात. यातलं कुणी कुणाचं पाहून केलं हे शोधत बसण्यात मला रस नाही. उरलेला स्पंज सगळ्यांच्याच घरी असतो.

लॅमिंग्टन मला करायला शिकवला तो त्या तंत्रज्ञ बाईने. तिच्या लहानपणी शाळेसाठी, चर्चसाठी किंवा स्काउटच्या पथकासाठी पैसे जमवायचे असले की 'लॅमिंग्टन ड्राइव्ह' व्हायचा. आधी घरोघर डझनाच्या ऑर्डरी घ्यायच्या. मग एका शनिवारी सगळ्या आया आणि मुलं एका हॉलमध्ये जमायची. कुणी कापायचं, कुणी बुडवायचं, कुणी घोळवायचं, कुणी खोक्यात भरायचं. आपल्याकडे दिवाळीच्या आधी चाळीत करंज्या व्हायच्या तसंच.

माझा पहिला प्रयत्न पार फसला. एक तर ताज्या केकचे तुकडे केले, त्यामुळे चॉकलेटमध्ये टाकल्या टाकल्या ते विरघळायला लागले. दुसरं म्हणजे कोकणातल्या आजीला स्मरून ओलं खोबरं वापरलं. क्वीन्सलँडच्या उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी डबा उघडला तेव्हा आंबूस वास आला. "खोबरं सुकंच हवं," बाई म्हणाली, "आणि केक शिळा." शिळा का, ते माझ्यातल्या संशोधकाला तपासावंसं वाटलं. भाजताना पिठातला स्टार्च पाणी शोषून फुगतो आणि मऊ होतो. थंड झाल्यावर त्याच्या साखळ्या हळूहळू पुन्हा जवळ येतात, रचना घट्ट होते. पावाचा शिळेपणा म्हणतो तो बहुतांशी हाच. त्यामुळे एका रात्रीनंतर केक तोच असतो, पण बुडवलेला सोसतो. चॉकलेट वरच्या पातळ थरातच मुरतं.

तेव्हापासून मी रात्री स्पंज भाजते आणि सकाळी कापते. पिठीसाखर, कोको, थोडं लोणी आणि दूध, गरम पाण्याच्या भांड्यावर ठेवून पातळ राखायचं. ते घट्ट झालं की केकवर चिखल लिंपल्यासारखं दिसतं. मग केक दोन काट्यांवर टोचून बुडवायचा, निथळू द्यायचा आणि खोबऱ्यात टाकायचा. काट्यांची बारीक भोकं राहतात. बाईच्या मते भोकं ही घरी केल्याची खूण.

हे सगळं आज लिहायला बसले त्याला कारण आहे. चार वर्षांत मी अशा किती मॉर्निंग टीला गेले, मोजलं नाही. पोस्टडॉकच्या जगात निरोप फार. कुणाचा प्रकल्प संपतो, कुणाचं अनुदान. दर थोड्या महिन्यांनी टेबलावर बश्या लागतात, प्रमुख दोन शब्द बोलतात, कार्डावर सगळ्यांच्या सह्या असतात. सोमवारी ते टेबल रिकामं असतं आणि सहा महिन्यांनी तिथे दुसरं कुणी येतं. येत्या जूनमध्ये माझा करार संपतोय. मुदतवाढ मिळेल असं आधी वाटत होतं, आता वाटत नाही.

आणि ही गोष्ट मी घरी सांगितली नव्हती. नुसती सांगितली नव्हती असंही नाही. दोन वर्षांपूर्वी गणपतीत फोनवर होते, तेव्हा घरी शेजारचे काका आले होते. त्यांनी विचारलं, "लेक तिकडे परमनंट का?" बाबा म्हणाले, "हो तर!" फोन स्पीकरवर होता. मला ऐकू आलं आणि मी गप्प बसले. त्यानंतर दर रविवारी थोडी थोडी गप्प बसत गेले. गेल्या वर्षी बाबांनी दुकान बंद केलं. आता टीव्ही कुणी दुरुस्त करत नाही, पॅनेल गेलं की टीव्हीच बदलतात. त्या दिवशी ते म्हणाले, "माझं संपलं, पण तुझं तिकडे पक्कं आहे, तेवढं बरं." त्यानंतर तर बोलणं अशक्यच झालं.

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉल केला तेव्हा मी ओट्यापाशी होते. शुक्रवारी आणखी एकाचा निरोप होता, त्यासाठी केक करत होते. बाबांनी विचारलं, काय चाललंय. मी सांगितलं. मग लॅमिंग्टन साहेबांची सगळी गोष्ट सांगितली, ब्रिस्बेन, मुंबई, उधमसिंग, सगळं. बाबा खूश झाले.

"अगं, म्हणजे आपल्याच रोडवाला?"

"तोच."

"आणि केक कसा असतो? मावा केकसारखा?"

"नाही. मावा केक कागदात होतो, वेगळा वेगळा. हा मोठ्या केकचा तुकडा असतो. कापून सहाही बाजूंनी झाकतात." हे बोलता बोलता काय झालं कोण जाणे, पुढचं वाक्य आपसूक आलं. "बाबा, माझा करार जूनमध्ये संपतोय. पुढचं काही ठरलेलं नाही. दोन ठिकाणी अर्ज केलेत."

पलीकडे शांतता. पंख्याचा आवाज ऐकू येत होता.

"परमनंट नाही होय?"

"नाही. कधीच नव्हती."

"मला वाटलंच होतं," बाबा म्हणाले. "परमनंट माणूस दर वर्षी मार्च-एप्रिलमध्ये असा आवाज काढून बोलत नाही."

मला काही सुचेना. तेवढ्यात त्यांनीच पुढे सुरू केलं, दुकानात कुणाला समजावून सांगायचे त्या आवाजात. "हे बघ. मेलेल्या बोर्डावरचा चांगला आयसी मी कधी फेकला नाही. काढून डबीत ठेवायचो. दुसऱ्या सेटमध्ये वर्षानुवर्षं चालायचा. फक्त काढताना फार तापवायचा नाही. पार्ट वापरून वापरून खराब होत नाही, काढताना खराब होतो. तू फार तापू नकोस." आणि मग लगेच, जणू मुद्दा संपलाच, "ते सहाही बाजूंना चॉकलेट लावतात म्हणालीस. मग पकडतात कुठून?"

मी फोन डब्याला टेकवून ठेवला आणि दाखवलं. दोन काटे, टोचायचं, बुडवायचं.

"भोकं पडतायत की," बाबा म्हणाले.

"पडतातच. तशीच पद्धत आहे."

"पद्धत कसली? दुसरं काहीतरी हवं. खालून आधार देणारं, आणि निथळणारं."

मागून आईचा आवाज आला. बहुधा ती सुरुवातीपासून तिथेच होती. "झारा घे की! भजी कशी काढतेस?"

झारा होता माझ्याकडे. पहिल्याच खेपेला आईने बॅगेत घातला होता. केक झाऱ्यावर ठेवला, चॉकलेटमध्ये बुडवला, वर उचलला. जास्तीचं चॉकलेट भोकांतून निथळलं. तसाच खोबऱ्यात उलटा केला. एकही भोक नाही. बाबा स्क्रीनवरून प्रत्येक केक तपासत होते, ट्रान्सफॉर्मर तपासायचे तसे. चोवीस केक होईपर्यंत कुणीच जूनचा विषय काढला नाही. फोन ठेवताना आईने फक्त विचारलं, "तिकीट कधी स्वस्त असतं?" हो, नाही, काही न ठरवता मी म्हटलं, बघून सांगते.

शुक्रवारी बशी घेऊन गेले. तीच, पहिल्या आठवड्यातली. बाईने एक केक उचलला, फिरवून सगळ्या बाजूंनी पाहिला. "भोकं कुठे गेली?" तिने विचारलं. मी फोनवर तिला झाऱ्याचा फोटो दाखवला. तिने तो मोठा करून पाहिला, भोकांचा व्यास साधारण किती असेल ते विचारलं आणि म्हणाली, "तू जायच्या आधी मला असा एक मागवून दे." माझं जाणं तिने किती सहज म्हटलं! आणि मलाही ते पहिल्यांदा नुसतं ऐकता आलं.

रात्री बाबांना हे सांगितलं.

"लॅमिंग्टन रोडला नाही मिळणार झारा," ते म्हणाले. "पण ग्रँट रोडला जाऊन बघतो. सकाळी लवकर निघावं लागेल. नंतर गर्दी होते."